मोटार थांबते कशी? अर्थात जुन्या गाडीच्या ब्रेक-डिस्कची निगा व बदल

मोटारीविषयी मुले जे प्रश्न विचारतात ते बहुधा तिच्या धावण्याविषयी असतात. इंजिन किती ताकदीचे, वेग किती, एका लिटरात किती किलोमीटर जाते, ही चौकशी सर्वत्र ऐकू येते; परंतु ती थांबते कशी, हा प्रश्न क्वचितच कानी पडतो. वास्तविक गाडी सुरू झाली नाही तर प्रवास राहतो, एवढेच. पण ती वेळेवर थांबली नाही तर काय ओढवेल, हे सांगावयास नको. प्रस्तुत लेखात गाडीच्या थांबण्याचे शास्त्र थोडक्यात सांगून, ते ज्या एका लोखंडी भागावर मुख्यत्वे अवलंबून आहे त्याची परीक्षा कशी करावी, तो केव्हा बदलावा व केव्हा बदलू नये, हे सांगण्याचे योजिले आहे. लेख मुलांकरिता आहे, तसाच पालकांकरिताही आहे. कारण यातील मोजमाप मुलांच्या अभ्यासातले असले, तरी खर्च पालकांच्या खिशातला आहे.

उदाहरणादाखल उंच बांध्याच्या, सात-आठ माणसे बसू शकतील अशा जुन्या गाड्या घेऊ. १९९८ साली निघालेली टाटा सफारी, २००० साली आलेल्या महिंद्र बोलेरो व टोयोटा क्वालिस, आणि २००२ मधील महिंद्र स्कॉर्पिओ ही नावे आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. क्वालिस निघावयाची बंद झाली ती २००५ मध्ये. तथापि अशा जुन्या गाड्या अद्यापि लग्नकार्याला, बाजाराला आणि मामाच्या गावाला माणसे नेत असलेल्या दिसतात. ह्यांची घडण पूर्वीच्या जीपगाडीसारखी असे. खाली पोलादी चासी आणि तिच्यावर बॉडी. त्यामुळे गाडी टिकाऊ होते, पण वजनदारही होते. माणसे व सामान धरले म्हणजे वजन दोन टनांच्या घरात सहज जाते. एवढा भार धावता ठेवणे हे जसे इंजिनाचे काम, तसे तो थोपवून धरणे हे ब्रेकचे काम होय.

ह्या गाड्यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत पुढच्या दोन चाकांस डिस्क-ब्रेक आणि मागच्या दोन चाकांस ड्रम-ब्रेक बसविलेले असत. असे का, याचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे. गाडी एकाएकी थांबली म्हणजे आपण पुढे झुकतो. त्याचप्रमाणे गाडीचा भारही पुढच्या चाकांवर झुकतो व मागची चाके हलकी होतात. ज्या चाकावर भार अधिक, तेच जमिनीला घट्ट धरून राहते. म्हणून थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे येतो, आणि उष्णता लवकर टाकून देणारा डिस्क-ब्रेकही तेथेच बसविला जातो.

आता ह्या ब्रेकची रचना पाहू. चाकाच्या आत, चाकाबरोबर फिरणारी एक जाड लोखंडी तबकडी असते. पुस्तकात हिला रोटर म्हणतात. गॅरेजात सर्वजण डिस्क म्हणतात, आणि आपणही तोच शब्द वापरू. डिस्कच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटविलेला घर्षणाच्या मसाल्याचा तुकडा. दोन्ही पॅडना आपल्या पकडीत धरणारा भाग तो कॅलिपर. चालकाने ब्रेक दाबला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो, तो नळीतून कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोहोचतो, आणि पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतो. द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण वर्गात शिकलो आहोत; त्याचे याहून रोजच्या उपयोगाचे उदाहरण मिळणे कठीण.

ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज यंत्रज्ञाने १९०२ साली डिस्क-ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्या काळच्या धातूंना व पॅडना ते काम नीट झेपेना, म्हणून ही युक्ती बरीच वर्षे मागे पडली. १९५३ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वार कंपनीची डिस्क-ब्रेक लावलेली गाडी पहिली आली, तेव्हा तिचे गुण जगाच्या नजरेस आले. पुढे १९५५ मध्ये सित्रोएन डी.एस. ह्या गाडीने पुढच्या चाकांचे डिस्क-ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आणले.

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करितो, असे आपण म्हणतो. पण शक्ती नाहीशी होत नसते. ती केवळ रूप पालटते. धावत्या गाडीची गतिज शक्ती पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणाने उष्णता बनते, आणि ती उष्णता प्रथम डिस्क आपल्या पोटात घेते व मग हळूहळू हवेला देते. तेव्हा डिस्क म्हणजे एका अर्थी उष्णतेची कोठी होय.

ही उष्णता किती असते, त्याचा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा. गाडीचे वजन २००० किलोग्रॅम व वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २२ मीटर धरला, तर गतिज शक्ती सुमारे ४,९०,००० जूल भरते. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४० किलोमीटर असता, तर ही शक्ती निम्मी न होता चतुर्थांश झाली असती. पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्यास यांतील सुमारे तिसरा हिस्सा येतो असे धरू. आठ किलोग्रॅम वजनाच्या लोखंडी डिस्कचे तापमान तेवढ्याने एका थांब्यातच सुमारे ४० अंशांनी चढते. थांब्यावर थांबे येत गेले आणि मध्यंतरी थंड होण्यास उसंत मिळाली नाही, तर तापमान कोठवर जाईल याची कल्पना येईल.

घाटात तर अशी उसंत मिळतच नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, आणि बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली सुमारे ६० मीटर. दोन टनांची गाडी हा घाट उतरते, तेव्हा केवळ उंची कमी झाल्यामुळे सुमारे एक कोटी दहा लक्ष जूल शक्ती मोकळी होते. तीस अंशांचे सदतीस लिटर पाणी उकळीस आणावयास एवढीच उष्णता लागते! यांतील काही भाग हवेच्या विरोधात, काही टायरांत आणि चालक शहाणा असेल तर बराचसा इंजिनात खर्च होतो. उरलेल्या सगळ्याचा भार चार ब्रेकांवर, आणि मुख्यतः दोन पुढच्या डिस्कांवर पडतो. ह्यासाठीच जड गाड्यांच्या पुढच्या डिस्क भरीव नसतात. दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या पाकळ्या अशी त्यांची घडण असते. चाक फिरू लागले की ह्या पाकळ्या पंख्याप्रमाणे आतली हवा बाहेर फेकतात, आणि डिस्क दोन्ही अंगांनी थंड होते. डिस्क ओतीव लोखंडाची असते. हे लोखंड केवळ स्वस्त म्हणून नव्हे, तर त्यातील ग्रॅफाइटच्या कणांमुळे ते उष्णता चांगली वाहून नेते व कंपही शोषून घेते, म्हणून निवडले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. डिस्क झिजणारच, घासून घेणे हाच तिचा धर्म आहे. म्हणून डिस्क झिजली आहे काय, हा प्रश्नच व्यर्थ होय. ती किती झिजली आहे आणि किती झिजू देणे सुरक्षित आहे, हे विचारले पाहिजे. याचे उत्तर कारखानदाराने आधीच देऊन ठेवलेले असते. बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर कमीत कमी किती जाडी चालेल, तो आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. गंजाने तो दिसत नसल्यास तारेच्या ब्रशने साफ करून पाहावा. तरीही न दिसल्यास गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात तो मिळतो. नव्या डिस्कच्या जाडीत आणि ह्या आकड्यात बहुधा दोन-तीन मिलिमीटरांचेच अंतर असते. एवढ्याशा अंतरावर डिस्कचे सारे आयुष्य मावलेले असते.

ह्या आकड्याखाली गेलेली डिस्क एकाएकी मोडून पडते असे नव्हे. उलट ती रोजच्या रहदारीत ठीक चालताना दिसते, आणि तेथेच माणूस फसतो. लोखंड कमी झाल्यामुळे ती तीच उष्णता घेऊन अधिक तापते. वारंवार तापल्याने तिच्यावर तडे जाण्याचा संभव वाढतो. शिवाय डिस्क पातळ व पॅडही झिजलेले अशी जोडी जमली, म्हणजे पिस्टनला आपल्या जागेतून नेहमीपेक्षा फार बाहेर यावे लागते, आणि ऑइल गळण्याची भीती उत्पन्न होते. हे सर्व दोष सपाट रस्त्यावर झाकलेले राहतात. भरल्या गाडीने घाट उतरताना, म्हणजे नेमके अडचणीच्या वेळी, ते वर येतात.

तेव्हा मोजावे कसे? येथे प्रयोगशाळेतील विद्या कामास येते. व्हर्नियर कॅलिपरने डिस्कची जाडी घ्यावयास गेल्यास बहुधा चूक होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही. त्यामुळे बाहेरच्या कडेस न झिजलेली एक उंच कड राहून जाते, व्हर्नियरचे सरळ जबडे तिच्यावरच टेकतात, आणि डिस्क आहे त्याहून जाड दिसते. याकरिता मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज वापरावा. त्याची लघुत्तम गणना ०.०१ मिलिमीटर असते. मात्र शाळेतल्या साधनात बहुधा २५ मिलिमीटरपर्यंतचीच वस्तू मावते; डिस्क त्याहून जाड असल्यास २५ ते ५० मिलिमीटरचे साधन लागते. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत, डिस्कच्या भोवती सारख्या अंतरावर आठ ठिकाणी माप घ्यावे. प्रयोगवहीत आपण अशा मापांची सरासरी काढतो. येथे सरासरी काढावयाची नाही. आठांतील सर्वांत लहान जे माप, तेच खरे धरावयाचे. कारण डिस्कचा दुबळेपणा तिच्या सर्वांत पातळ जागी असतो.

हिशेबाचे एक उदाहरण देतो. समजा, नवी डिस्क २२.०० मिलिमीटर जाड होती, आणि तिच्यावर २०.०० हा आकडा कोरला आहे. साठ हजार किलोमीटर झाल्यावर सर्वांत लहान माप २०.८० आले. म्हणजे झीज झाली १.२० मिलिमीटर, दर दहा हजार किलोमीटरांस ०.२० याप्रमाणे. शिल्लक राहिले ०.८०. याच गतीने ती आणखी सुमारे चाळीस हजार किलोमीटर चालेल. आता पॅड बदलण्याची वेळ आली असून नवे पॅड तीस हजार किलोमीटर टिकतील असा अनुभव असेल, तर डिस्क तशीच ठेवण्यास हरकत नाही. पण शिल्लक ०.३० एवढीच असती, तर नवे पॅड अर्धे झिजताच डिस्क मर्यादेस टेकली असती. अशा वेळी पॅडबरोबरच डिस्क बदलणे शहाणपणाचे. मागाहून पुन्हा चाके काढण्याची मजुरी वाचते, आणि नवे पॅड जुन्या डिस्कवर वाया जात नाहीत. प्रत्येक वेळी माप, तारीख व किलोमीटर एका वहीत लिहून ठेवले, म्हणजे हा हिशेब घरातले शाळकरी मूलही करू शकेल.

जाडीशिवाय आणखी तीन गोष्टी डोळ्यांनी पाहावयाच्या असतात. पहिली तडे. तापण्याने पृष्ठभागावर पडणाऱ्या केसासारख्या बारीक रेषांवर नजर ठेवावी. पण कडेपर्यंत गेलेली किंवा नखाला लागणारी खोल चीर दिसल्यास ती डिस्क त्याच दिवशी टाकावी. दुसरी निळसर डाग. हे अतिशय तापल्याची खूण होय, आणि बहुधा कॅलिपर कोठेतरी अडकल्याचे त्यावरून समजते. तिसरी गंज. याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली, की डिस्कवर तांबूस थर चढतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. चार-सहा वेळा ब्रेक लावताच पॅड तो पुसून काढतात. परंतु कोकणपट्टीतील खारट हवेत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचे पापुद्रे सुटतात, पृष्ठभागाला खड्डे पडतात, आणि आतल्या पाकळ्यादेखील खाल्ल्या जातात. तिचे माप पुरेसे आले तरी ती निरोगी नव्हे.

ह्याच्या उलट, नसत्या कारणाने चांगली डिस्क फेकून दिली जाते असेही घडते. ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरते, पायाखाली ब्रेक उसळतो, आणि लगेच डिस्क वाकडी झाली असा निकाल दिला जातो. खरे पाहता डिस्क कागदासारखी क्वचितच वाकते. बहुधा तिची जाडी भोवती सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा मसाला तिच्यावर ठिकठिकाणी चिकटलेला असतो. जाडीत ०.०२ मिलिमीटर एवढा सूक्ष्म फरक पडला, तरी तो पायाला जाणवू शकतो. आणि हा फरक पडण्याचे मूळ पुष्कळदा डिस्कच्या मागे, हबवर असते. हबच्या तोंडावर गंजाचा कण राहिला, तर त्यावर घट्ट बसविलेली डिस्क किंचित तिरकी फिरते. मग प्रत्येक फेऱ्यात ती एकाच जागी पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरांनंतर थरथर सुरू होते. अशा एका गाडीच्या डिस्क वर्षभरात दोनदा बदललेल्या मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या वेळी एका जाणत्या मिस्त्रीने हब घासून स्वच्छ केला, डायल गेज लावून डिस्क डोलते किती ते पाहिले, आणि मग थरथर गेली ती गेलीच. दोन वेळचा खर्च वाया गेला, तो दोष डिस्कचा नव्हता.

किंचाळण्याचेही असेच आहे. बारीक कर्कश आवाज कधी धुळीचा असतो, तर कधी पॅड संपत आल्याचे कळविण्यासाठी त्यावर बसविलेल्या पोलादी पट्टीचा असतो. ह्या दुसऱ्या आवाजाचे उपकारच मानावयास हवेत. मसाला तीन मिलिमीटरांच्या आसपास उरला की नवे पॅड घालावे. पण आवाज जर लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा जाड येऊ लागला, तर मसाला संपून पॅडची पट्टीच डिस्कवर घासत आहे असे समजावे. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर डिस्क कापीत जातो, आणि थोड्या खर्चाच्या पॅडपायी महाग डिस्क जाते.

ओबडधोबड झालेली डिस्क लेथवर घासून सपाट करून घ्यावी की काय, असा प्रश्न येतो. याचे उत्तरही आकड्यानेच द्यावे. लेथवर घासणे म्हणजे मुद्दाम झिजविणेच होय. घासून झाल्यावर डिस्क कोरलेल्या आकड्याच्या बरीच वर राहत असेल, तर ते करणे योग्य. पण अगोदरच मर्यादेजवळ आलेली डिस्क घासून चकचकीत करणे म्हणजे डोळ्यांची फसवणूक आहे. ती नव्यासारखी दिसते, पण अधिक पातळ झालेली असते.

डिस्क बदलण्याचे काम शिकलेल्या मिस्त्रीचे आहे. मुलांनी ते पाहावे, स्वतः करू नये. तथापि काम नीट होत आहे की नाही, हे गाडीच्या धन्यास कळले पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांस दगड किंवा ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी तिच्याखाली हात घालू नये. खाली मजबूत घोडी दिलीच पाहिजे. चाक काढल्यावर कॅलिपर सोडवावा आणि तारेने बांधून वर टांगावा. तो रबरी नळीवर लोंबकळू दिल्यास नळी आतून फाटण्याची भीती असते. तोंडाने फुंकून किंवा हवा मारून ब्रेकची धूळ उडवू नये; ती ओल्या फडक्याने पुसावी. ही धूळ छातीला वाईट, आणि जुन्या काळच्या पॅड व लायनरांत ॲसबेस्टॉस वापरीत, हे विसरू नये.

काही गाड्यांत डिस्क हबवर बाहेरून बसविलेली असते व सहज निघते. जुन्या घडणीच्या कित्येक गाड्यांत मात्र ती हबच्या मागे बोल्टांनी आवळलेली असते. तेथे हब व त्यातील बेअरिंग काढावे लागते. अशा वेळी बेअरिंगे धुऊन तपासावीत, नवे ग्रीस भरावे, तेलसील नवे घालावे, आणि बेअरिंग किती घट्ट करावयाचे ते पुस्तकातील मापाप्रमाणे करावे. गंज चढलेला हब तारेच्या ब्रशने स्वच्छ झालाच पाहिजे. त्याचे कारण वर आलेच आहे. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून तेल लावलेले असते, ते पुसून धुऊन काढावे. नाहीतर पॅड ते पिऊन निकामी होतात. डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. एकीकडे नवी व दुसरीकडे जुनी असली तर गाडी ब्रेक लावताच एका अंगास ओढू शकते. नव्या डिस्कवर पॅडही नवेच घालावेत.

पॅड बसविण्यापूर्वी कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या काढून पुसून त्यांस उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. ही लहानशी गोष्ट हयगयीने राहते, आणि तिच्यापायी एक पॅड पार झिजतो व दुसरा तसाच राहतो. पिस्टन मागे सारताना वरच्या डबीतील ब्रेक ऑइल उचंबळते. ते रंगावर सांडल्यास रंग खाते. चाकाचे नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत, आणि किती आवळावे याचा आकडा पाळावा. शेवटी, गाडी जागची हलविण्यापूर्वी ब्रेक अनेक वेळा दाबून पाय घट्ट लागेपर्यंत थांबावे. हे विसरल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि गाडी गॅरेजच्या भिंतीवर किंवा समोर उभ्या असलेल्या माणसावर जाते.

नवी डिस्क लगेच पूर्ण कामाची होत नाही. पॅडचा मसाला तिच्यावर सारखा बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगावरून वीसपर्यंत, असे आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करावा. पुरते थांबू नये, आणि दोन दाबांमध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे. त्यानंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्यावे. पहिले काही दिवस जोराचा ब्रेक विनाकारण लावू नये.

डिस्क नवी झाली, तरी ब्रेक ऑइल जुनेच राहिले तर काम अपुरे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीच्या ऑइलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना कमीत कमी २०५ अंश सेंटिग्रेड असावा लागतो. ओलावा शिरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० व १५५ आहेत. घाटात डिस्क तापली, तिची उष्णता कॅलिपरमधून ऑइलात शिरली व ऑइल उकळले, की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. चालकाचा पाय खाली जातो आणि गाडी मात्र चालूच राहते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. अशा पावसाळी मुलखात तर ते अधिकच अगत्याचे आहे.

शेवटी चालविण्याविषयी. ज्या गिअरने घाट चढावा, त्याच गिअरने तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण शास्त्रशुद्ध आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे धरते, आणि त्या सदतीस लिटर पाण्याच्या उकळीतला मोठा वाटा ब्रेकऐवजी इंजिन उचलते. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रल करून घाट उतरणे हा प्राणाशी खेळ आहे. ब्रेक तापल्याचा करपट वास आल्यास सुरक्षित जागी थांबून गाडी हवेनेच निवू द्यावी. तापल्या डिस्कवर पाणी ओतू नये, लोखंड एकदम आखडून तडकते.

पालकांस एवढीच विनंती की, जुन्या गाडीवर खर्च करताना मन दोन बाजूंस ओढले जाते. एकदा वाटते, गाडीच जुनी, तिच्यावर आणखी पैसे कशाला घालावे. आणि एकदा कोणी भीती घातली की जे सांगतील ते सर्व बदलून घेतो. ह्या दोहोंतून निभावून नेणारी वस्तू म्हणजे तो कोरलेला आकडा व हातातले मायक्रोमीटर. माप आकड्याच्या पुष्कळ वर असेल, तर “बदलून टाका” म्हणणाऱ्यास निःशंकपणे नाही म्हणावे. माप आकड्यास टेकले असेल, तर “अजून चालेल” म्हणणाऱ्यासही तितक्याच ठामपणे नाही म्हणावे, मग तो मिस्त्री असो, शेजारी असो, की आपलेच मन असो. गाडीचे वय झाले म्हणून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या जिवाचे मोल कमी होत नाही, आणि मागच्या आसनावर बसलेल्या घरच्या माणसांचेही नाही.

विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत घरची किंवा शेजारची गाडी दुरुस्तीस जाईल तेव्हा बरोबर जावे, चाक काढले की डिस्कच्या कडेवरचा आकडा शोधावा, मिस्त्रीची परवानगी घेऊन माप घ्यावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तेच माप पुन्हा घ्यावे. दोन मापांची वजाबाकी केली, म्हणजे डिस्क आणखी किती चालेल ते त्यांचे त्यांनाच सांगता येईल.